नुरा कुस्तीतलं खरं काय? लक्षात राहिलेल्या सहा कुस्त्या



आजचा विषय कुस्ती. त्यातही अशी कुस्ती, की ती लावली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, हे सगळं आधी ठरलेलं असतं." टीव्हीवरची, चौकोनी रिंगणातली, दोऱ्यांवर आपटून परत येणाऱ्या धिप्पाड माणसांची कुस्ती. आपल्या वडिलांच्या पिढीने हिला 'फ्रीस्टाईल' म्हटलं आणि तिकीट काढून पाहिलं. मी हिचा लहानपणापासून भक्त आहे. सैन्यातली सगळी नोकरी झाली, निवृत्त झालो, तरी ही आवड सुटली नाही.

आज सहा कुस्त्यांबद्दल बोलणार आहे. पहिल्या दोन माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच्या. त्या मी आजोबांकडून ऐकल्या. तिसरी झाली तेव्हा मी शाळकरी पोर होतो. उरलेल्या तीन पडद्यावर पाहिल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या.

मी बोलतोय ते तंजावर जिल्ह्यातल्या एका गावातून. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमाराला इथे राज्य स्थापलं, त्या काळात आणि त्यानंतर बरीच मराठी घराणी कावेरीच्या या मुलखात आली. राज्य 1855 साली गेलं, माणसं राहिली. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, असं आमचं चालतं. तेव्हा माझी मराठी कुठे जुनी वाटली तर सांभाळून घ्या.

कुस्ती या मुलखाला परकी आहे असं समजू नका. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठचं मामल्लपुरम तुम्ही पाहिलं असेल. ते नाव आलं पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन याच्या 'मामल्ल' या बिरुदावरून. मामल्ल म्हणजे महामल्ल, मोठा पैलवान. याच राजाने सातव्या शतकात बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीचा पराभव केला. एका पैलवानाच्या नावाचं अख्खं गाव, आणि तेही जगभरातून लोक पाहायला येतात असं.

आता मूळ मुद्दा. संगनमताने, निकाल आधी ठरवून केलेल्या कुस्तीला मराठीत 'नुरा कुस्ती' म्हणतात. हल्ली हा शब्द राजकारणाच्या बातम्यांत जास्त वाचायला मिळतो. जत्रेच्या फडात नुरा कुस्ती म्हणजे फसवणूक, कारण लोकांना खरी म्हणून सांगितलेली असते आणि इनामही खरं असतं. टीव्हीवरच्या कुस्तीत मात्र निकाल ठरलेला असतो हे आता उघड आहे. 1989 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे तिथल्या सगळ्यात मोठ्या कुस्ती कंपनीनेच कबूल केलं, की हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, स्पर्धा नव्हे. म्हणजे संशय फिटला. मग प्रश्न उरतो, निकाल ठरलेला असेल तर बघायचं काय? त्याचं माझं उत्तर या सहा कुस्त्यांत आहे.

पहिली : लंडन, 1910

पंजाबचा गामा पैलवान, उंची जेमतेम पाच फूट सात इंच, आपला भाऊ इमामबक्ष आणि इतर काही मल्लांबरोबर लंडनला गेला. तिथल्या मोठ्या स्पर्धेत त्याला उंचीमुळे घेईनात. त्याने जाहीर आव्हान दिलं, अमेरिकेच्या रोलरला पाडलं आणि मग त्याची गाठ पडली पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झबिस्कोशी. 10 सप्टेंबर 1910. इनाम 250 पौंड आणि 'जॉन बुल' पट्टा.

झालं काय, की पहिल्या काही मिनिटांतच गामाने झबिस्कोला खाली घेतलं. झबिस्को त्याच्यापेक्षा खूप भारी. तो जो पोटावर पसरला तो पसरलाच. अडीच तासांहून जास्त वेळ गामा वरून ओढतोय, डाव लावतोय, आणि खालचा माणूस मातीला चिकटल्यासारखा गादीला चिकटलेला. शेवटी निकालाशिवाय कुस्ती थांबवावी लागली. पुढच्या शनिवारी, 17 तारखेला पुन्हा जोड ठरली होती. झबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

अठरा वर्षांनी, 1928 साली, पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. या खेपेला गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीतपट केलं.

आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा पतियाळाचं एक मिनिट रंगवून सांगायचे आणि लंडनचे अडीच तास एका वाक्यात संपवायचे. त्यातच सगळं आलं. खरी कुस्ती बघायला नेहमी रंगतदार असतेच असं नाही. हरायचं नाही एवढंच एकाने ठरवलं, की बघणाऱ्याचे हाल.

दुसरी : कोल्हापूर, 1912

1902 साली शाहू महाराज विलायतेला गेले तेव्हा वाटेत त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. त्यातून खासबागेची कल्पना आली. मध्ये लाल मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही पैलवानाचे पाय दिसतात. 1912 साली मैदान तयार झालं आणि तिथली गाजलेली पहिली मोठी जोड होती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे लंडनला गेलेला गामाचा तोच भाऊ. त्याने ती जिंकली.

हा इमामबक्ष लक्षात ठेवा. पुढे त्याच्या मुलाची आणि नातवाची गोष्ट येणार आहे.

खासबागेत लागायची ती निकाली कुस्ती. समोरच्याची पाठ मातीला लागली की निकाल. तिथे प्रत्येक जण स्वतःची पाठ सांभाळतो. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली माती असते ती पडणाऱ्याला लागू नये म्हणून. पाडणारा त्याची काळजी करत बसत नाही, तसं करायचं कारणही नाही. वस्ताद आणि पंच असतात ते त्यासाठीच.

अमेरिकेत याच काळात कुस्तीचा धंदा अडचणीत होता. 4 जुलै 1916 ला ओमाहा गावी जो स्टेकर आणि एड लुईस सुमारे पाच तास लढले आणि बरोबरीत सुटले. प्रेक्षक कंटाळले. मग 1920 च्या दशकात याच लुईसने बिली सँडो आणि टूट्स माँट या दोघांबरोबर नवी रीत पाडली. वेळेची मर्यादा, उचलून आपटणं, उड्या, रंगतदार शेवट, आणि कोण जिंकणार हे आधी ठरवणं. आज टीव्हीवर दिसतं त्याचं मूळ तिथे आहे.

रीत बदलली तशी पैलवानाची जबाबदारीही बदलली. आता समोरच्याला पाडायचं, पण मोडायचं नाही. स्वतःची पाठ त्याच्या हातात द्यायची आणि त्याची मान आपल्या हातात घ्यायची.

तिसरी : मुंबई, 1968

दारासिंग आणि किंगकाँग ही जोडी कोणाला ठाऊक नाही? किंगकाँग, म्हणजे मूळचा हंगेरीचा एमिल झाया, वजन दोनशे किलोच्या घरात. त्यांच्या कुस्त्यांच्या गोष्टी आमच्या गावच्या चहाच्या दुकानात तमिळमध्ये सांगितल्या जायच्या आणि घरी येईपर्यंत त्या मराठी होऊन आणखी फुगायच्या. पण माझ्या यादीत दारासिंगची दुसरी कुस्ती आहे, 29 मे 1968 ची. समोर अमेरिकेचा लू थेझ. दारासिंगने ती जिंकली आणि जगज्जेता म्हणून त्याचं नाव झालं.

त्या वेळी मला फक्त निकाल कळला होता आणि तेवढ्यावर आम्ही पोरं आठवडाभर नाचलो. थेझ कोण होता हे पुष्कळ नंतर वाचलं. तो तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि नाटकी कुस्तीच्या जगातला अस्सल पैलवान होता. सांधा उखडून काढणाऱ्या पकडी ज्यांना येतात अशा मोजक्या लोकांपैकी एक. अशा माणसाच्या मनाविरुद्ध त्याची पाठ लावणं अवघड. त्याने मुंबईत दारासिंगला पाठ दिली. माझ्या मते ही हार नव्हे, हे देणं आहे. आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर उभ्या असलेल्या माणसाला, तो त्या लायकीचा आहे हे पाहून, एका थोर मल्लाने दिलेलं.

पुढे 1987 साली दूरदर्शनवर दारासिंग हनुमान झाला. हिंदी न कळणारी आमच्या गावची माणसंही टीव्हीसमोर हात जोडून बसायची. ठरलेल्या कुस्त्या करणारा म्हणून कोणाची श्रद्धा कमी झाली नाही.

चौथी : कराची, 1976

आता ठरलेलं मोडलं की काय होतं ते बघू. जपानचा अंतोनियो इनोकी. 26 जून 1976 ला टोकियोत तो मुष्टियोद्धा मुहम्मद अलीशी लढला. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत होता. पंधरा फेऱ्या झाल्या, बरोबरी झाली, लोक चिडले. अलीचे पाय सुजून त्याला रुग्णालयात जावं लागलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इनोकी कराचीला आला. समोर होता अक्रम पैलवान, उर्फ अक्की. इमामबक्षचा मुलगा. ज्याच्या बापाने खासबाग जिंकली तो. चित्रफीत पाहिलीत तर कळेल, की दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला सांभाळत नाहीये. दोघेही आपापली कातडी वाचवतायत आणि समोरच्याची सोलतायत. शेवटी इनोकीने अक्कीचा हात मागे पिरगाळला आणि खांदा उखडला. मैदान एकदम गप्प झालं.

ती कुस्ती मला आवडते असं नाही म्हणता येणार. पण ती विसरताही येत नाही. विश्वास संपला की रिंगणात काय उरतं ते तिथे दिसतं.

याचा पुढचा भाग 1979 साली लाहोरला झाला. विशीही न ओलांडलेला झारा, इमामबक्षचा नातू, काकाचा हिशेब चुकता करायला उतरला. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही. मग इनोकीने स्वतः झाराचा हात धरून वर केला. लोक वेडे झाले. तीन वर्षांपूर्वी ज्या हातांनी खांदा उखडला, त्याच हातांनी पुतण्याला मान दिला.

पाचवी : न्यू जर्सी, 1997

3 ऑगस्ट 1997. स्टीव्ह ऑस्टिन आणि ओवेन हार्ट. दोघेही कसलेले. कुस्तीच्या ओघात हार्टने ऑस्टिनला उलटं धरलं, डोकं खाली आणि पाय वर, आणि बसता बसता आपटलं. या डावाला 'पाइलड्रायव्हर' म्हणतात. यात खालच्याचं डोकं वरच्याच्या मांड्यांच्या आत, जमिनीपासून थोडं वर राहायला हवं. म्हणजे धक्का वरच्याच्या बुडाला किंवा गुडघ्याला बसतो, डोक्याला नाही. त्या दिवशी डोकं खाली राहिलं. चूक काही इंचांची.

ऑस्टिनच्या हातापायांतली ताकद गेली. त्याला हलता येईना. आणि ठरलेला निकाल काय, तर ऑस्टिन जिंकणार! मग हार्ट प्रेक्षकांकडे वळला, त्यांना डिवचत राहिला, वेळ काढत राहिला. लोकांना वाटलं, माज करतोय. थोड्या वेळाने ऑस्टिन सरपटत आला, त्याने हार्टला कसंबसं गुंडाळलं आणि हार्टने पाठ दिली. ऑस्टिन पुढे फार मोठा झाला, पण मानेने त्याची पाठ सोडली नाही आणि 2003 साली त्याला थांबावं लागलं. हार्टचं नशीब त्याहून वाईट. मे 1999 मध्ये कॅन्सस सिटीला एका कार्यक्रमात छतावरून दोराने उतरताना तो पडला आणि गेला. त्या दिवशी निकाल ठरला होता, पडणं ठरलं नव्हतं.

सहावी : पिट्सबर्ग, 1998

28 जून 1998. अंडरटेकर आणि मिक फोली. तेव्हा फोली 'मॅनकाइंड' या नावाने, तोंडावर चामड्याचा मुखवटा घालून लढायचा. रिंगणाभोवती आणि वरूनही लोखंडी जाळीचा पिंजरा. दोघे त्या पिंजऱ्याच्या छतावर चढले. अंडरटेकरने फोलीला तिथून खाली फेकलं, समालोचकांच्या टेबलावर. टेबलाचे तुकडे झाले. फोलीला स्ट्रेचरवर घालून नेऊ लागले, तर तो उठून परत चढला. मग छताची जाळी तुटली आणि तो दुसऱ्यांदा पडला, थेट रिंगणात. पहिलं पडणं ठरलेलं होतं. हे दुसरं ठरलेलं नव्हतं.

लोकांना पहिलं पडणं आठवतं. मला त्यानंतरचं आठवतं. फोली शुद्धीवर आहे की नाही हे बघायला टेरी फंक नावाचा म्हातारा पैलवान रिंगणात आला. फोलीला सावरायला वेळ मिळावा म्हणून त्याने अंडरटेकरला स्वतःला उचलून आपटू दिलं. इतक्या जोरात, की त्याचे बूट पायांतून निघाले. अंडरटेकरचं पाऊल आधीच मोडलेलं, त्या पावलावर तो छतावर चढला होता. तीन माणसं, तिघेही जखमी किंवा थकलेले, आणि तिघांच्याही मनात एकच हिशेब, की मधल्याला जिवंत घरी कसं न्यायचं.

मी सैन्यात होतो, म्हणून हे मला ओळखीचं वाटतं. माझ्या पलटणीत मराठा जवान पुष्कळ होते. संध्याकाळी आखाड्यात लाल मातीवर कुस्त्या व्हायच्या. एक सुभेदार साहेब नव्या पोरांना पहिले कित्येक दिवस डाव शिकवायचेच नाहीत. पडायला शिकवायचे. हनुवटी छातीला, पाठ पसरून, हात मातीवर मोकळे, श्वास बाहेर. मग दुसऱ्याला कसं ठेवायचं ते शिकवायचे. 'टाकायचं' हा शब्द ते वापरू द्यायचे नाहीत. 'ठेवायचं' म्हणायचं. टीव्हीवरचे लोकही नेमकं हेच वर्षानुवर्षं शिकलेले असतात. त्यांच्या रिंगणाच्या कापडाखाली फळ्या आणि लोखंड असतं, वर फक्त पातळ थर.

हे सगळं आज का सांगतोय?

मेट्टूर धरणाचं पाणी रीतीप्रमाणे 12 जूनला सुटतं. त्याआधी मे महिन्यात आमच्याकडे नदीचं पात्र कोरडं असतं. सुट्टी असते, वाळू असते आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या दोन पोरांनी वाळूत तो गळा धरून उचलून आपटायचा डाव केला. वरून वाळू मऊ दिसते, पण खाली पाण्याने बसलेला थर दगडासारखा असतो. खालच्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. महिनाभर हात गळ्यात. ज्याने आपटलं तो त्याचा जिवलग मित्र. तो रोज त्याच्या दाराशी येऊन उभा राहायचा, आत जायचं धाडस होत नव्हतं. मला म्हणाला, "तात्ता," म्हणजे आजोबा, "फोनमध्ये तर ते उठून उभे राहतात."

गावातल्या मोठ्यांनी दोन उपाय सुचवले. एक, फोन काढून घ्या. दुसरा, पोरांना सांगा की ते सगळं खोटं आहे. पहिला चालणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरा मला धोक्याचा वाटतो. पोराला खोटं म्हणून सांगितलं, की तो समजतो खोटं म्हणजे लागत नाही. मग तो आणखी बिनधास्त उचलतो. त्याला सांगायला हवं, की निकाल खोटा आहे, वजन खरं आहे. जमीन खरी आहे. मान खरी आहे.

म्हणून मी त्या पोरांना बसवून याच कुस्त्या दाखवल्या. जाहिरातीसारख्या तुकड्यांत नाही, पूर्ण, थांबवून थांबवून. गळा धरून उचलताना खालचा माणूस स्वतः उडी मारतो, समोरच्याचं मनगट धरतो, ते दाखवलं. ऑस्टिनचं डोकं किती इंच खाली राहिलं ते दाखवलं. ज्या पोराचं हाड मोडलं होतं त्यानेच विचारलं, "मग ते दोघे भांडत नसतात?" मी म्हटलं, भांडणाचं काम करतात, एकमेकांना सांभाळत. मग दोन्ही मित्र बाजूबाजूला बसून पुढचं बघू लागले.

तुमच्या घरात असं वेड असेल, आणि सातारा असो, सुरत असो की तंजावर, ते असणारच, तर नातवाबरोबर एकदा बसा. "खोटं आहे रे" म्हणून उठून जाऊ नका. जवळ तालीम असेल तर त्याला तिथे न्या. वस्ताद आधी पडायला शिकवतील. तालीम नसेल तर निदान बघायला शिकवा. पडणाऱ्याकडे सगळेच बघतात. तुम्ही पाडणाऱ्याचे हात बघा. ते हात कुठे आहेत, मानेखाली आहेत का, पाठीला आधार देतायत का. जिथे ते नीट असतात ती कुस्ती चांगली, मग पट्टा कोणीही नेवो.

जय हिंद.